शुभमंगल झालं, मेन्टेनन्सचं काय?

एक जुना विनोद आहे. आपण पाळण्यात होतो तेव्हा तो ई-मेलमधून फिरत होता, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. एक गृहस्थ टेक्निकल सपोर्टला पत्र लिहितात, की मी 'गर्लफ्रेंड'चं 'वाइफ १.०'मध्ये अपग्रेड केलं आणि तेव्हापासून सगळी सिस्टीम मंदावली आहे. क्रिकेट, मित्रमंडळ आणि रविवारची झोप हे प्रोग्रॅम चालेनासे झालेत, पगाराची मेमरी महिन्याच्या दहा तारखेलाच संपते, आणि अनइन्स्टॉल करायला गेलं तर होत नाही. मुलांच्या हॉस्टेलमध्ये हा विनोद सीनियरकडून ज्युनियरकडे वारसाहक्काने जातो, अगदी असाइनमेंटसारखा. मुलींच्या हॉस्टेलमध्ये याचीच उलटी आवृत्ती आहे. तिथे 'हजबंड १.०' सोफ्यावर हँग होतो आणि 'कचरा टाकून ये' ही कमांड ओळखतच नाही!

हसायला माझी ना नाही. पण मंडळी, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. विनोद झाला म्हणून काय झालं, त्याचं डिझाइन तपासायला नको? या विनोदाच्या दोन्ही आवृत्त्यांत एक मूलभूत चूक आहे. एक जण यूजर आणि दुसरा प्रोग्रॅम, असं धरून चाललेत. मी म्हणते, नवराही प्रोग्रॅम नाही आणि बायकोही नाही. प्रोग्रॅम आहे तो संसार. नवरा-बायको दोघंही त्याचे प्रोग्रॅमर. आणि यूजर? ते मांडवात पहिल्या रांगेत बसलेले असतात. न विचारता फीडबॅक देणारे काका, मावश्या आणि शेजारच्या काकू!

एकदा असं धरलं की पुढचं सगळं थर्ड इयरच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या सिलॅबसप्रमाणे चालतं. पहिली पायरी रिक्वायरमेंट. आपल्याकडे ती कशी गोळा करतात? कांदेपोहे! कांदेपोहे म्हणजे डेमो. आणि डेमो काय चीज असते ते आपल्याला सांगायला नको. एक्स्टर्नलसमोर आपला प्रोजेक्ट चालतो तो आपण ठरवलेल्या बटणांवरच. सरांनी भलतंच बटण दाबू नये, एवढीच देवाजवळ प्रार्थना. पोह्यांच्या बशीभोवती दोन्ही बाजूंची हीच प्रार्थना चालू असते.

मग पत्रिका. ३६ पैकी १८ गुण जुळले की पास. ग्रहताऱ्यांची कम्पॅटिबिलिटी तपासून होते. पगार, उंची, रंग, फ्लॅटचा एरिया ही हार्डवेअरची यादी बायोडेटात असतेच. मुलीच्या रकान्यात 'गृहकृत्यदक्ष' हे फीचर ठळक अक्षरांत. पण लोड टेस्टिंग? ते कोणीच करत नाही. बाळ रात्री दोनला रडलं तर कोण उठणार? दोघांना एकाच वेळी वेगवेगळ्या शहरांत नोकरी लागली तर कोण कुठे जाणार? मुलीच्या आई-वडिलांना म्हातारपणी कोण बघणार? हे प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी 'फारच बोलते बाई' या शेऱ्यासह बाद!

दुसरी पायरी लायसन्स अ‍ॅग्रीमेंट. सॉफ्टवेअर टाकताना आपण ते कधी वाचतो का? माउस खाली ओढायचा आणि 'आय अ‍ॅग्री'. लग्नातही तेच. संस्कृतात भटजी काय म्हणतात ते नवऱ्याला कळत नाही, नवरीला कळत नाही, आणि ऐकणाऱ्यांचं लक्ष अक्षता नेमक्या कोणाच्या डोक्यावर मारायच्या यात असतं. गंमत म्हणजे 'सावधान' ऐकू आलं, टाळ्या झाल्या, की सगळे समजतात इन्स्टॉलेशन पूर्ण. १९५५ चा हिंदू विवाह कायदा मात्र कलम ७ मध्ये सांगतो, की ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. म्हणजे खरं 'फिनिश' बटण दाबलं जातं तेव्हा अर्धी पब्लिक जिलबीच्या रांगेत उभी असते!

सगळीकडेच असं नाही हं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. चर्चमधल्या लग्नात नवरा-नवरी दोघंही सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने वचन देतात. निकाहनाम्यात मेहेरची रक्कम लिहिलेली असते आणि 'कबूल' हे दोघांनाही म्हणावं लागतं. आणि लांब कशाला जायचं? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्या पद्धतीच्या लग्नात मंगलाष्टकं मराठीत असतात. वधू आणि वर ती आळीपाळीने म्हणतात. त्यात वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते आणि वराला त्याचं उत्तर द्यावं लागतं. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच मातीत कोणीतरी लायसन्स अ‍ॅग्रीमेंट साध्या मराठीत आणलं होतं. आपणच 'स्क्रोल डाउन' करत राहिलो.

आता कोणी म्हणेल, "आपली लग्नसंस्था हजारो वर्षांची, तिच्यात बदल कसले करता?" त्यांना मी व्हर्जन हिस्टरी दाखवीन. १८५६ : विधवेला पुनर्विवाहाची कायदेशीर परवानगी. १९२९ : सारडा कायदा, मुलीचं किमान वय १४, मुलाचं १८. १९५५ : हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला देशभर बंदी, आणि घटस्फोटाची सोय. १९६१ : हुंड्याला बंदी (हा पॅच अजून बऱ्याच मशिनवर इन्स्टॉल झालेला नाही!). १९७८ : मुलगी १८, मुलगा २१. यातला शेवटचा नियम आमच्या वर्गात फार लोकप्रिय आहे. वीस वर्षांच्या आम्ही मुली दोन वर्षांपासून कायद्याने तयार, आणि आमच्याच वयाची मुलं अजून 'अंडर डेव्हलपमेंट'!

हे पॅच आपोआप आले नाहीत. कोणीतरी बग रिपोर्ट केला म्हणून आले. मुंबईच्या रखमाबाईंचं उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालं. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या आणि नवऱ्याकडे जायला नकार दिला. नवऱ्याने १८८४ मध्ये हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत आणि राजकोटला रुग्णालयात काम केलं. त्या वेळी मोठमोठ्या पुढाऱ्यांचं म्हणणं काय होतं? धर्म बुडाला! आपल्या भाषेत सांगायचं तर, "हा बग नाहीच, हे फीचर आहे." १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं, त्यामागच्या चर्चेत हा खटला होता. आणि जोडीदाराला नांदायला बोलावण्याचा तो दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून शिल्लक आहे. फरक इतकाच, की आता तो बायकोलाही लावता येतो. याला म्हणतात लेगसी कोड!

अनइन्स्टॉलबद्दलही सांगून टाकते, कारण त्या विनोदातल्या गृहस्थांची मुख्य तक्रार तीच आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सहसा घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं असेल तर आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, आणि मग सहा महिने थांबायचं. म्हणजे कॉम्प्युटर 'आर यू शुअर?' विचारतो, तसं कायदा सहा महिने विचारत राहतो. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की योग्य प्रकरणात कोर्ट ही सहा महिन्यांची अट माफ करू शकतं. 'आर यू शुअर?' ज्यांनी मनाला आधीच शंभरदा विचारून झालंय, त्यांना अजून किती वेळा विचारणार?

पण लेखाचा मुद्दा वेगळाच आहे. मुद्दा आहे मेन्टेनन्स.

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं कुठलंही पुस्तक उघडा. त्यात लिहिलेलं असतं, की सॉफ्टवेअरचा निम्म्याहून जास्त खर्च ते तयार झाल्यानंतर होतो. विंडोज एक्सपी २००१ मध्ये बाजारात आलं आणि मायक्रोसॉफ्ट त्याला ठिगळं लावत बसलं ते एप्रिल २०१४ पर्यंत. लग्नाचं बजेट बघा, बरोब्बर उलटं! हॉल, बस्ता, मानपान, डीजे, ड्रोनने शूटिंग... सगळा पैसा आणि सगळी बुद्धी रिलीजच्या दिवसावर. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पाहुणे गेले, की डेव्हलपमेंट टीम बरखास्त. आता चालव बाबा आपोआप पन्नास वर्षं!

ते चालत नाही. मेयर लेहमन यांनी १९७४ पासून सॉफ्टवेअरच्या वाढीचे नियम मांडले. त्यातला पहिला साधा आहे : वापरात असलेलं सॉफ्टवेअर सतत बदलत राहिलं नाही, तर ते हळूहळू निरुपयोगी होत जातं. कोड तोच असतो, पण भोवतालचं जग बदललेलं असतं. संसाराचंही तेच. बदली होते, बाळ येतं, सासऱ्यांना अर्धांगवायू होतो, कंपनी नोकरीवरून काढते. "लग्नाच्या वेळी तू असा नव्हतास" हे वाक्य घराघरांत तक्रार म्हणून ऐकू येतं. अहो, नव्हताच तो तसा! पंधरा वर्षांत बदलला नसता तर जास्त काळजीची गोष्ट होती.

परीक्षेत आपण मेन्टेनन्सचे चार प्रकार पाठ करतो. करेक्टिव्ह म्हणजे बिघडलं की दुरुस्त करणं : भांडण झालं, मिटवलं. अ‍ॅडाप्टिव्ह म्हणजे परिस्थितीप्रमाणे बदलणं : तिला नाइट शिफ्ट लागली म्हणून सकाळचे डबे त्याने करणं. पर्फेक्टिव्ह म्हणजे ठीक चाललेलं अजून चांगलं करणं : काही कारण नसताना गजरा आणणं. आणि प्रिव्हेन्टिव्ह म्हणजे बिघडायच्या आधीच बघणं. हा चौथा प्रकार आपल्याकडे जवळजवळ बंद आहे. जुन्या प्रोग्रॅमरांनी मेमरी वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवले होते. २००० साल जवळ आलं तेव्हा त्या दोन आकड्यांची दुरुस्ती करताना जगभरच्या लोकांची झोप उडाली. "जाऊ दे, आता कशाला बोलायचं" म्हणून गिळलेलं वाक्य असंच असतं. ते कुठल्यातरी ३१ डिसेंबरच्या रात्री बाहेर येतं.

अबोला तर शुद्ध ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय आहे. डेडलॉक व्हायला चार अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात, असं कॉफमन आणि मंडळींनी १९७१ मध्ये लिहून ठेवलंय. अट एक : वस्तू एका वेळी एकालाच मिळणार (इथे वस्तू म्हणजे 'मीच बरोबर' हा किताब). दोन : हातातलं धरून ठेवून समोरच्याकडून आणखी मागायचं. तीन : कोणी कोणाकडून हिसकावून घेऊ शकत नाही. चार : तो म्हणतो आधी तिने बोलावं, ती म्हणते आधी त्याने. चारही हजर, अबोला पक्का! आता यातली सुखाची गोष्ट ऐका. चारपैकी कुठलीही एक अट मोडली की डेडलॉक होतच नाही. "चहा ठेवतेय, घेणार का?" एवढ्यावर सिस्टीम परत चालू होते.

आणि अशा वेळी घरच्यांनी मध्ये पडू नये, हे मी माझ्या मनाने सांगत नाही. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलंय, की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं लावली तर त्याला आणखी उशीर होतो. नव्या माणसाला आधी सगळं समजावून सांगण्यातच वेळ जातो. दोघांचं भांडण तासाभरात मिटणारं असतं. त्यात दोन्हीकडच्या आया, एक आत्या आणि एक 'मध्यस्थ' घाला, दिवाळीपर्यंत पुरतं!

आता खरा प्रश्न. हा मेन्टेनन्स करतं कोण?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी वेळ २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. हे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. लक्षात घ्या, हे 'करणाऱ्या' पुरुषाचे आकडे आहेत. उरलेले तिघा-चौघांतले तिघे यात नाहीतच! मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं बघणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय.

सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये 'बस फॅक्टर' म्हणून एक शब्द आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर ती टीम धोक्यात. आता आपापलं घर आठवा. आई चार दिवस माहेरी गेली तर काय होतं? जिऱ्याचा डबा कुठला, दूधवाल्याचा हिशेब कुठे लिहिलाय, आजीची बी.पी.ची गोळी जेवणाआधी की नंतर... सगळं डॉक्युमेंटेशन एका डोक्यात. बस फॅक्टर एक! उलटंही बघा. विम्याचे कागद कुठे आहेत, कर्जाचा हप्ता किती, बँकेचा पासवर्ड काय, हे बऱ्याच घरांत फक्त बाबांना माहीत असतं. त्यांना काही झालं तर आई कागद शोधत बसणार. तोही बस फॅक्टर एकच.

मुलगे म्हणतात, "आम्ही मदत करतो की." 'मदत' हा शब्दच मला खटकतो. मदत पाहुणा करतो, शेजारी करतो. स्वतःच्या प्रोजेक्टला कोणी मदत करत नाही, काम करतो. आणि करता येत नाही म्हणावं, तर तेही खोटं! आमच्याच कॉलेजच्या बॉइज हॉस्टेलमध्ये मुलं चार वर्षं स्वतःचे कपडे धुतात, बटणं लावतात, इंडक्शनवर वॉर्डनच्या नकळत अंडाभुर्जी करतात, रूममेटला ताप आला तर रात्रभर पट्ट्या ठेवतात. सगळी फीचर्स व्यवस्थित टेस्ट झालेली! मग लग्न झाल्याबरोबर ती डिसेबल कोण करतं?

मुलीच्या बाबतीत अजून एक प्रकार होतो. ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव लिहितात. सोहळा म्हणून छान दिसतो. पण चालू प्रोजेक्टमध्ये मध्येच फाइलचं नाव बदलून बघा. सगळ्या लिंक तुटतात! मार्कशीटवर एक नाव, पॅन कार्डवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, आणि मग प्रतिज्ञापत्र घेऊन फिरा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. ज्या मुलीला मनापासून बदलायचंय तिने बदलावं. पण डीफॉल्ट सेटिंग म्हणून ते कोणी लादू नये.

इथे तुलना थांबवायला हवी, कारण ती पुढे खोटी पडते. सॉफ्टवेअरला बॅकअप असतो, कंट्रोल झेड असतं. माणसाला लागलेला शब्द अन्डू होत नाही. आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. "अ‍ॅडजस्ट कर गं" हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त टेक्निकल सपोर्ट आहे. घोरणं, ओला टॉवेल, तिखट भाजी, यांना अ‍ॅडजस्टमेंट चालते. मारहाण, शिवीगाळ, पैशांसाठी छळ हे काही ठिगळ लावून चालवून घ्यायचे बग नाहीत. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि तो मारहाणीबरोबर शिव्याशाप आणि पैशांची कोंडीसुद्धा हिंसाच मानतो. तिथे सिस्टीम वाचवत बसायचं नाही, आधी माणूस वाचवायचं.

तर मित्र-मैत्रिणींनो, दोन-चार वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पोह्यांचा रवंथ सुरू होईल. कोणाचं जमलेलं असेल, कोणाचं जमवलं जाईल, कोणी लग्न नकोच म्हणेल, आणि तेही ठीकच. पण करणार असाल तर डेमोवर जाऊ नका. समोरच्याला विचारा : रात्री दोनला कोण उठणार? माझे आई-बाबा आजारी पडले तर? आणि तुझ्या डोक्यातलं डॉक्युमेंटेशन मला देशील का, माझं तू घेशील का?

मराठीला हे सगळं आधीपासूनच ठाऊक असावं. आपण म्हणतो, लग्न 'होतं', पण संसार 'करावा लागतो'. होणं एका दिवसाचं, करणं रोजचं. आणि मोठी माणसं आशीर्वाद काय देतात? 'नांदा सौख्यभरे.' आपल्याकडे नांदायला जाते ती फक्त मुलगी. मुलगा नांदायला गेला असं कोणी ऐकलंय का? पण आशीर्वाद देणाऱ्याने 'नांद' म्हटलेलं नाही, 'नांदा' म्हटलंय. तो दोघांसाठी आहे. एवढं एक अनेकवचन आपल्या पिढीने नीट पाळलं, तर टेक्निकल सपोर्टला पत्र लिहायची वेळ कोणावर येणार नाही!